घर फिरते, वासेही फिरतात

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या मनात माणसाच्या पडत्या काळाचा विचार होता. परंतु एखाद्या पहाटे अंथरुणात कूस बदलताच ज्याच्या डोळ्यांसमोर भिंती, तुळया आणि बंद असलेला पंखा ही सारी भिंगरीसारखी फिरू लागतात, त्याला या म्हणीच्या शब्दार्थाचाच अनुभव येतो. तो पलंगाची कड घट्ट धरतो, अंगाला दरदरून घाम फुटतो, पोटात ढवळून येते आणि आपले काही खरे नाही असे त्याला वाटू लागते. अर्ध्याएक मिनिटात सारे शांत होते. मग घरात निदानाची चर्चा सुरू होते. ओकारी झाली म्हणून कोणी पित्ताचे नाव घेतो, कोणी रक्तदाबाचे; शेजारचे गृहस्थ आपल्या मानेचा पट्टा दाखवून मणक्यांचा हवाला देतात; आणि घरातील वडीलधारी बाई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढते. कानाचे नाव मात्र कोणाच्याही तोंडी येत नाही. येणार तरी कसे? कान दुखत नसतो, वाहत नसतो आणि त्याला ऐकूही चांगले येत असते.

कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय आहे, ही आपली समजूत इतकी दृढ आहे की त्याच्याकडे दुसरेही एक काम सोपवलेले आहे याचा आपल्याला विसर पडतो. ते काम म्हणजे तोल सांभाळणे. ते बिघडले म्हणजे काय होते, ते ओळखावे कसे आणि त्यावर उपाय कोणते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. कारण या दुखण्यात अर्धे निदान शब्दांतच असते. आपल्या भाषेत अशा अवस्थांसाठी शब्दांची वाण नाही. घेरी, भोवळ, झीट, अंधारी, गरगरणे, झोक जाणे, असे कितीतरी शब्द आपल्याजवळ आहेत. पण डॉक्टरांसमोर गेल्यावर आपण ती सारी संपत्ती घरी ठेवतो आणि ‘चक्कर येते’ एवढे दोनच शब्द बोलतो. या दोन शब्दांत अगदी भिन्न अशा अनेक गोष्टी दडलेल्या असतात. उन्हात उभे राहिल्यावर किंवा उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपते की काय असे वाटते, ती एक. तिचा संबंध मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्याशी असतो. डोके ठीक असते पण चालताना पाय लटपटतात, ती दुसरी. तिचे मूळ नसांत, सांध्यांत किंवा मेंदूत असू शकते. नुसतेच डोके हलके, पोकळ वाटते, ती तिसरी. तिच्यामागे पांडुरोगापासून चिंतेपर्यंत काहीही असू शकते. आणि आपण स्वतः किंवा आपल्या सभोवतालचे जग फिरत आहे असा स्पष्ट भास होतो, ती चौथी. या चौथीलाच आज मी भोवळ म्हणणार आहे. भोवळ आणि भोवरा हे एकाच कुळातले शब्द आहेत, तेव्हा नाव अन्वर्थक आहे. भोवळ आली की सर्वप्रथम संशय घ्यावा तो कानाचा.

आता हा कान आतून पाहू. बाहेर दिसते ती पाळी. तिच्या आत पडद्यापर्यंत जाणारी नळी. पडद्यापलीकडे तीन चिमुकल्या हाडांचा मध्यकर्ण. आणि त्याच्याही आत, कानशिलामागच्या अत्यंत कठीण हाडात कोरलेला अंतर्कर्ण. हा अंतर्कर्ण सुपारीपेक्षाही लहान असतो. त्याच्या एका टोकाला शंखासारखा वळलेला भाग आहे, त्याने आपण ऐकतो. दुसऱ्या टोकाला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. खोलीच्या कोपऱ्यात जशा दोन भिंती आणि जमीन एकमेकींना काटकोनात मिळतात, तशाच या तीन नलिका तीन दिशांनी बसवलेल्या असतात. त्यांत एक द्रव असतो. आपण मान फिरवली की नलिका फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि वाटेतल्या एका मऊ पडद्याला वाकवतो. त्या पडद्यात रुतलेल्या सूक्ष्म केसांना ते जाणवते आणि मज्जातंतूतून मेंदूला वर्दी जाते की डोके अमुक दिशेला, अमुक वेगाने फिरले. नलिकांच्या बुडाशी दोन पिशव्या आहेत. त्यांतील चिकट थरावर चुनखडीचे धुळीएवढे बारीक स्फटिक पसरलेले असतात. समुद्रावरचा शिंपला ज्या द्रव्याचा बनतो तेच हे द्रव्य. आपण डोके कलते केले की हे जड कण किंचित घसरतात, आणि खाली कोणते व वर कोणते हे आपल्याला डोळे मिटूनही कळते. या कणांची आठवण श्रोत्यांनी ठेवावी. पुढे साऱ्या कथेचे खलनायक तेच होणार आहेत.

फुगडी घालणाऱ्या मुलींना ही सारी यंत्रणा ठाऊक नसली तरी तिचा अनुभव रोजचा असतो. गरगर फिरून त्या एकदम थांबतात, पण कानातला द्रव थांबत नाही. तो काही क्षण फिरतच राहतो. मेंदू त्यावर विश्वास ठेवतो आणि अंगण उलट दिशेने फिरू लागते. डोळे सांगतात एक आणि कान सांगतो दुसरे, असा हा तंटा असतो. घाटात काहींना गाडी लागते किंवा समुद्रावर बोट लागते, तीही याच तंट्यामुळे.

आणखी एक प्रयोग आपण बसल्याजागी करू शकता. हातात छापील कागद धरा आणि कागद भराभर डावीउजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतील. आता कागद स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने मान हलवा. अक्षरे वाचता येतील. याचे कारण असे की डोके ज्या दिशेला फिरते त्याच्या उलट दिशेला बुबुळे तितकीच फिरावीत, अशी आज्ञा कानाकडून डोळ्यांना सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पोचते. कान आणि डोळे यांच्यातील हा धागा निदानाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एका बाजूचा अंतर्कर्ण चुकीची वर्दी देऊ लागला की बुबुळे एका बाजूला सावकाश सरकतात आणि दुसऱ्या बाजूला झटक्याने परततात, पुन्हा सरकतात, पुन्हा परततात. बंद हाडातला बिघाड असा डोळ्यांत उघड दिसतो.

हे ज्याने ओळखले त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे. व्हिएन्ना येथे रॉबर्ट बारानी नावाचा कानाचा एक तरुण डॉक्टर होता. रुग्णांचे कान पिचकारीने धुताना काहींना भोवळ येते आणि त्यांची बुबुळे झटके देतात, हे त्याने पाहिले होते. एकदा एका रुग्णाने तक्रार केली की पाणी पुरेसे कोमट नसले तरच आपल्याला असे होते. बारानीने नर्सला अधिक गरम पाणी आणायला सांगितले. दुसरा कोणी असता तर तेथेच प्रकरण संपले असते. पुढच्या वेळी आलेले पाणी फारच गरम होते, आणि बारानीने लगेच रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहिले. बुबुळांचे झटके उलट दिशेला सुरू झाले! गरम पाण्याने नलिकेतला द्रव तापून वर चढतो आणि गार पाण्याने खाली उतरतो, हा उलगडा त्याला झाला. त्यातून कोणत्या बाजूचा अंतर्कर्ण काम करतो आणि कोणत्या बाजूचा नाही हे पारखण्याची कसोटी निर्माण झाली, आणि ती आजही वापरात आहे. या संशोधनाला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ती बातमी आली तेव्हा बारानी रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. ऑस्ट्रियाच्या सैन्यात शल्यवैद्य म्हणून काम करताना तो पकडला गेला होता. स्वीडनच्या राजपुत्राने रेडक्रॉसच्या वतीने शब्द टाकला तेव्हा १९१६ साली त्याची सुटका झाली.

याच बारानीने १९२१ साली, डोके विशिष्ट स्थितीत नेले की येणाऱ्या भोवळीचे वर्णन करून ठेवले. कानाच्या भोवळींत सर्वांत अधिक आढळणारी ती हीच, आणि भाषणाच्या आरंभी ज्याचे घर फिरले त्याला झालेला विकारही हाच.

त्याची ओळख अगदी सोपी आहे. भोवळ आपोआप येत नाही. डोके हलवले की येते. अंथरुणात कूस बदलताना, आडवे होताना, उठताना, वरच्या फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना, केर काढण्यासाठी किंवा रांगोळी घालण्यासाठी ओणवे होताना, न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकताना ती येते. हालचालीनंतर एकदोन क्षण काही होत नाही. मग जग जोराने फिरते, आणि एका मिनिटाच्या आत थांबते. नंतर कितीतरी वेळ मळमळ राहील, धास्ती राहील, पण प्रत्यक्ष फिरणे मिनिटापेक्षा अधिक टिकत नाही. ऐकू कमी येत नाही, कानात आवाज येत नाही. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांत, हा विकार अधिक दिसतो. डोक्याला मार लागल्यानंतर तो तरुणांनाही होतो.

रक्तदाब उतरल्यामुळे येणारी अंधारी आणि ही भोवळ यांची गल्लत फार होते, कारण दोन्ही उठताना येतात. त्यासाठी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: आडवे होताना किंवा पडल्यापडल्या कूस बदलतानाही येते काय? पडलेल्या माणसाने कूस बदलली म्हणून त्याचा रक्तदाब उतरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर कानाकडे पाहावे. मानेच्या मणक्यांचेही असेच. चाळिशी उलटलेल्या बहुतेकांच्या मानेच्या क्षकिरण चित्रात थोडीफार झीज दिसतेच, आणि मान हलवली की भोवळ येते हेही खरे. तेव्हा दोहोंची सांगड घालण्याचा मोह होतो. पण मान हलली की तिच्यावरचे डोके हलते आणि डोक्यातला कानही हलतो, ही साधी गोष्ट त्यात निसटते. गळ्यात पट्टा बांधून महिनेच्या महिने काढणारी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. पट्ट्याने मान हलत नाही म्हणून भोवळही येत नाही, आणि पट्टा गुणकारी ठरतो!

या विकारात घडते ते असे. मघाशी सांगितलेल्या पिशवीतील चुनखडीचे काही कण सुटे होऊन अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा तिघींतील मागच्या नलिकेत, शिरतात. डोके हलले की ते बाटलीतल्या गाळासारखे घरंगळतात, द्रवाला आपल्याबरोबर ओढतात, आणि डोके थांबल्यानंतरही मेंदूला ते फिरत असल्याची वर्दी जात राहते. कण तळाशी बसले की भोवळ थांबते. लंडनमध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली या विकाराची परीक्षा नक्की करून दिली: रुग्णाला बसवून, मान एका बाजूला अर्धी वळवून, झटकन् मागे आडवे करायचे आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहायचे. या परीक्षेला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही; एक पलंग आणि दोन मिनिटांचा वेळ पुरतो. तरीही भोवळीच्या रुग्णाची छायाचित्रे आधी काढली जातात आणि त्याला पलंगावर निजवून पाहण्याचे राहून जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि कण जर घरंगळतात, तर त्यांना घरंगळत ठेवूनच बाहेर का काढू नये? हा प्रश्न अमेरिकेत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांना सुचला. डोके ठरावीक क्रमाने चार स्थितींतून फिरवले तर कण नलिकेचे वळण ओलांडून मूळ पिशवीत परत जातील, असे त्यांनी मांडले. १९८० साली त्यांनी ही रीत समव्यावसायिकांपुढे ठेवली तेव्हा तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. ज्या दुखण्यासाठी मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रिया होत, ते डोके फिरवून पाच मिनिटांत बरे होते हे मानायचे तरी कसे? त्यांचा निबंध प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडले. योगायोग असा की त्याच वर्षी कॅनडातील पार्न्स आणि मॅक्‌क्लुअर या दोघांनी शस्त्रक्रियेच्या वेळी नलिकेत तरंगणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचे प्रसिद्ध केले. आज ही रीत जगभर मान्य आहे, आणि एकदोन वेळांत दहांपैकी सुमारे आठ रुग्णांना तिने आराम पडतो.

ती रीत थोडक्यात सांगतो. दोष उजव्या कानात आहे असे धरू. म्हणजे उजवीकडे मान करून निजले असता भोवळ येते. रुग्णाने पलंगावर पाय लांब करून बसावे. मागे उशी अशी ठेवावी की आडवे होताच ती खांद्यांखाली येईल. मान उजवीकडे अर्धी वळवून त्याच स्थितीत झटकन् उताणे व्हावे. डोके खांद्यांपेक्षा किंचित खाली जाईल. भोवळ येईल, ती येणे अपेक्षितच आहे. ती थांबल्यावरही अर्धा मिनिट तसेच राहावे. मग डोके न उचलता, एक काटकोनभर फिरवून डावीकडे अर्धे वळलेले करावे आणि तेवढेच थांबावे. नंतर डाव्या कुशीवर वळावे आणि डोके आणखी एक काटकोन फिरवून नाक जमिनीच्या रोखाने आणावे. पुन्हा तेवढेच थांबून, पाय पलंगाखाली सोडून सावकाश उठून बसावे. डावा कान असेल तर सारे उलट बाजूंनी. पहिल्या वेळी हे डॉक्टरांच्या हातूनच व्हावे. कारण कोणती बाजू आणि कोणती नलिका हे डोळे पाहूनच ठरते, आणि चुकीच्या बाजूने केलेली कसरत फुकट जाते. मानेचे गंभीर दुखणे असलेल्यांनी, किंवा डोळ्याचा आतला पडदा सुटलेला आहे अशांनी ते परस्पर करू नये.

भोवळीचा दुसरा प्रकार मिनिटांचा नसून तासांचा असतो. एका कानात दडे बसल्यासारखे वाटू लागते, समुद्राच्या गाजेसारखा आवाज सुरू होतो, ऐकू कमी येते आणि मग वीस मिनिटांपासून अर्ध्या दिवसापर्यंत जग फिरत राहते. वादळ ओसरले की कान बराचसा पूर्ववत होतो. परंतु वर्षानुवर्षांच्या अशा झटक्यांनी त्याची श्रवणशक्ती ढासळत जाते. पॅरिसमधील कर्णबधिरांच्या संस्थेतील डॉक्टर प्रॉस्पेर मेनियेर यांनी १८६१ साली हे दुखणे कानाचे असल्याचे सांगितले. त्यापूर्वी ते मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण समजले जाई आणि रुग्णाचे रक्त काढले जाई. ओकून अर्धमेल्या झालेल्या माणसाचे वर रक्तही काढायचे! मेनियेर पुढच्याच वर्षी वारले. अंतर्कर्णातला द्रव वाढून त्याचे पापुद्रे फुगतात, हे पुढे १९३८ साली लंडन आणि ओसाका या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे दिसून आले. या रुग्णांना मीठ कमी करण्यास सांगतात. म्हणजे आपल्या ताटाच्या डाव्या बाजूवरच संक्रांत येते. त्याचा उपयोग किती याविषयी पुरावा भक्कम नाही, पण अपायही नाही. बेटाहिस्टिन नावाच्या गोळ्या फार खपतात. जर्मनीत काळजीपूर्वक घेतलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या आणि औषधाविना दिलेल्या गोळ्या यांत फरक आढळला नाही. झटके फार वाढले तर पडद्यातून कानात इंजेक्शन देण्याचा उपाय असतो. तो तज्ज्ञांनी ठरवायचा.

तिसऱ्या प्रकारात भोवळ दिवस-दिवस थांबत नाही. बहुधा विषाणूंमुळे एका बाजूचा तोलाचा मज्जातंतू सुजतो. ऐकणे शाबूत असते, पण रुग्णाला डोके उचलवत नाही. हे दुखणे दोनतीन आठवड्यांत बरेचसे निवळते. परंतु येथे एक धोका आहे आणि त्यासाठी मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. मेंदूच्या मागच्या भागातील रक्तवाहिनी तुंबली तर होणारा पक्षाघात हुबेहूब असाच सुरू होऊ शकतो. भोवळीबरोबर बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायाला बधिरता किंवा दुर्बलता येणे, घास गिळता न येणे, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, किंवा आधार देऊनही उभे राहता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर लिंबूसरबत देत बसू नये. त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांत प्रथमच अशी अखंड भोवळ आली तर ही लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये. एका कानाचे ऐकू येणे अचानक बंद पडले तर तीही निकडीची बाब आहे.

अशा वेळी अनुभवी डॉक्टर एक नामी परीक्षा करतात. रुग्णाला आपल्या नाकाकडे टक लावायला सांगून ते त्याचे डोके एकदम थोडेसे वळवतात. कान बिघडला असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहवतात आणि मग झटक्याने परत नाकावर येतात. सिडनी येथे हल्माजी आणि कर्थॉइज यांनी ही परीक्षा १९८८ साली प्रसिद्ध केली. गंमत अशी की येथे दोष दिसला तर जीव भांड्यात पडतो. अखंड भोवळ असूनही डोळे स्थिर राहिले तर संशय मेंदूवर जातो. जाणत्या हातांनी केलेली डोळ्यांची ही व तिच्या जोडीच्या दोन परीक्षा पहिल्या दोन दिवसांतील मेंदूच्या चुंबकीय चित्रापेक्षाही भरवशाच्या ठरतात, असे २००९ साली अमेरिकेत दाखवून देण्यात आले. साधे सी. टी. चित्र तर या जागेचा पक्षाघात पुष्कळदा दाखवतच नाही; म्हणून ‘चित्र स्वच्छ आहे’ एवढ्याने निर्धास्त होऊ नये.

वाहत्या कानाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षे घाण वास येणारा कान वाहत असतो आणि त्यात तेल सोडले की कर्तव्य संपते. कानांत तेल घालून बसणे या वाक्प्रचाराचा अर्थ ऐकू न येणे असा आहे, हे तरी ध्यानात घ्यावे! अशा कानातील रोग हाड कुरतडत अर्धवर्तुळाकार नलिकेपर्यंत पोचतो. वाहत्या कानाच्या माणसाला भोवळ येऊ लागली तर रोग अंतर्कर्णाच्या दारात येऊन उभा आहे असे समजावे. तेथून मेंदू दूर नाही. शस्त्रक्रियेची टाळाटाळ येथे जिवावर बेतू शकते.

काही औषधेही कानाचा तोल नासवतात. १९४३ साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाच्या असंख्य रुग्णांना जीवदान दिले. पण काहींच्या दोन्ही कानांतील तोलाच्या पेशी त्याने कायमच्या नष्ट केल्या. जेंटामायसिनही त्याच घराण्यातले. अशा रुग्णांना भोवळ येत नाही, कारण दोन्ही कान सारखेच मुके होतात. पण अंधारात पाऊल टाकता येत नाही आणि चालताना समोरचे जग उड्या मारते. स्ट्रेप्टोमायसिनमुळे अशी अवस्था झालेल्या एका अमेरिकन डॉक्टराने १९५२ साली, केवळ आद्याक्षरे घालून, आपली हकिगत लिहिली. वाचताना नाडीच्या ठोक्यागणिक अक्षरे हलत, म्हणून त्याला डोके पलंगाच्या दोन गजांमध्ये अडकवून वाचावे लागे. रस्त्याने चालताना भेटणाऱ्याचा चेहरा ओळखण्यासाठी त्याला उभे राहावे लागे. त्याने मात्र हार मानली नाही. डोळे, तळपाय आणि स्नायू यांच्याकडून तो तोलाचे काम करवून घेऊ लागला. ही इंजेक्शने चालू असताना चालणे डगमगू लागले तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे. आणि असा तोल गेलेल्या माणसाने विहिरीत किंवा नदीत उतरू नये. पाण्याखाली वर कोणते आणि खाली कोणते हे त्याला कळत नाही.

आता गोळ्यांविषयी. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन इत्यादी गोळ्या भोवळ दाबतात, ओकारी थांबवतात. पहिले दोनतीन दिवस त्यांचा आधार जरूर घ्यावा. परंतु आपल्याकडे एकदा लिहून दिलेली चिठ्ठी पंचांगासारखी जपून ठेवण्याची आणि तीच दाखवून वर्ष-वर्ष औषध आणण्याची रीत आहे. ती घातक आहे. एक तर बिघडलेल्या कानाशी जुळवून घेण्याचे मेंदूचे शिक्षण या गोळ्यांनी लांबते. आणि दुसरे असे की दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांना त्यांच्यामुळे कंपवातासारखी लक्षणे होतात: हात थरथरतात, पावले जड होतात. मग तोल आणखी जातो आणि तो जातो म्हणून आणखी गोळ्या दिल्या जातात.

मेंदूचे हे शिक्षण हाच या दुखण्यावरचा खरा उपाय होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये डोक्याला मार लागलेल्या जखमी सैनिकांत कॉथॉर्न आणि कुक्सी यांना असे दिसून आले की जे अंथरुणाला खिळून राहतात त्यांची भोवळ रेंगाळते आणि जे हिंडूफिरू लागतात त्यांची लवकर जाते. त्यावरून त्यांनी व्यायाम आखले: अंगठ्यावर नजर स्थिर ठेवून मान डावीउजवीकडे, वरखाली हलवणे, बसून पुढे वाकून जमिनीवरची वस्तू उचलणे, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात झेलणे, प्रथम डोळे उघडे ठेवून आणि मग कोणी जवळ असताना मिटून चालणे. हे करताना आरंभी भोवळ वाढते. ती वाढते म्हणून सोडून द्यावेसे वाटते, आणि पुष्कळजण सोडतात. पण ज्या हालचालीने भोवळ येते तीच सोसवेल इतपत करीत राहिल्याने मेंदू नव्या हिशेबाला सरावतो. आजोबांना चक्कर येते म्हणून त्यांना खुर्चीत बसवून ठेवणारी माया त्यांचे पाय आणि तोल दोन्ही गमावून बसते.

तोपर्यंत घरात थोडी सावधगिरी हवी. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा असावा, ओल्या फरशीवर पाय सरकणार नाही अशी तजवीज असावी, रोज लागणारी भांडी कमरेच्या उंचीवर असावीत. शिडीवर चढणे, दुचाकी चालवणे काही काळ बंद ठेवावे. आणि डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: जग खरोखर फिरते काय, एका वेळी किती वेळ फिरते, कशाने सुरू होते, आणि त्या वेळी कानाला काय होते. सेकंद, तास की दिवस, एवढे जरी नेमके सांगितले तरी डॉक्टरांचे काम निम्मे होते.

कणांची भोवळ बरी झाल्यावरही काही वर्षांत पुष्कळांना पुन्हा येते. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आहे त्यांनी ते कॅल्शियमसह घेतल्यास ती परत येण्याचे प्रमाण घटते, असे कोरियातील एका मोठ्या चाचणीत २०२० साली दिसले. ती परत आली तरी घाबरण्याचे कारण नाही. कण तेच असतात, नलिका बहुधा तीच असते, आणि त्यांना घरी पोचवण्याची वाटही तीच: उताणे, डावीकडे, कुशीवर आणि मग सावकाश उठून बसणे.